वहिवाट, बळ आणि निवाडा



आम्ही कायद्याची पदवी घेतलेली नाही. आमचे कायद्याचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि औद्योगिक न्यायालयाच्या बाकावर झाले. म्हणून राजकारण आणि आंतरराष्ट्रीय कायदा यांच्या नात्याविषयी बोलताना मोठमोठ्या सिद्धांतांकडे न वळता, शेजारच्याच दादरा-नगर हवेलीचा खटला आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहो.

पुष्कळ लोक म्हणतात, आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे बळी तो कान पिळी. जगाला सरकार नाही, निवाडा बजावणारा बेलिफ नाही. मग कायदा कसला? हे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे या खटल्यात सापडते.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी या दोन प्रदेशांतील पोर्तुगीज सत्ता उखडून टाकली. सुधीर फडके यांच्यासारखा गायक त्यांत होता. दमणहून तिकडे जाणारी वाट भारताच्या हद्दीतून जात होती; ती भारत सरकारने पोर्तुगीजांना बंद केली. पुढे १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला, १९ तारखेला त्याने हेगच्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला, आणि २२ तारखेला भारतावर फिर्याद गुदरली! घाई पाहा. न्यायाच्या दारावरची ही थाप राजकारणाचीच होती.

पोर्तुगालने पुरावा काढला तो आपल्या पुण्याचा. १७७९ साली पेशव्यांनी केलेल्या तहाने ही गावे आम्हांस कायमची मिळाली, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने तहाची भाषा तपासली आणि सांगितले की, पेशव्यांनी दिला तो केवळ महसुलाचा हक्क, म्हणजे जहागीर किंवा सरंजाम. राज्य दिलेले नाही. सरंजाम हा आपला शब्द हेगच्या न्यायासनापुढे जवळजवळ दोनशे वर्षांनी असा तोलला गेला. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगालची तेथील सत्ता चालू दिली आणि स्वतंत्र भारतानेही ती गृहीत धरली, हेही न्यायालयाने नोंदवले.

१२ एप्रिल १९६० च्या निवाड्यात आम्हां कामगारांना ओळखीची वाटणारी एक गोष्ट आहे. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल सव्वाशे वर्षांहून अधिक काळ बिनतक्रार ये-जा करीत होता. त्याची वहिवाट पडली आणि वहिवाटीचा हक्क झाला, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. परंतु सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा नेताना परवानगी लागे. म्हणून तो हक्क नव्हे, असे आठ विरुद्ध सात मतांनी ठरले. कारखान्यातही हेच आहे. वर्षानुवर्षे सर्वांना मिळणारी सवलत मालकाला एका सकाळी काढून घेता येत नाही. पण दर वेळी अर्ज करून मिळालेली रजा ही मेहेरबानीच राहते. शेवटी, १९५४ साली तेथे जो तणाव होता तो पाहता वाट बंद करण्यात भारताने कर्तव्यभंग केला नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.

आठ विरुद्ध सात! एक मत फिरले असते तर? म्हणजे कायदा ही आकाशवाणी नव्हे. माणसेच तो सांगतात. पण पोर्तुगालही रिकाम्या हाताने परतला नाही आणि भारतालाही आपले प्रत्येक पाऊल कारणासह समजावून द्यावे लागले, हे विसरू नका. जेथे केवळ बळ चालते तेथे कोणी कोणाला कारण सांगत नाही.

आता गोव्याकडे वळू. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरले. युद्धबंदी करून सैन्य मागे घ्यावे, असा ठराव सुरक्षा समितीत सात विरुद्ध चार मतांनी पुढे आला आणि रशियाच्या नकाराधिकाराने पडला. गोवा मुक्त झाला याचा आम्हांला आनंदच आहे. वसाहती संपवाव्यात असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वर्षभर आधी केला होता, आणि पोर्तुगाल वाटाघाटींना तयार नव्हता, हेही खरे. पण त्याच संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत बळाच्या वापराला मनाई आहे, हे आपण झाकून ठेवू नये. पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने. त्यावर आपल्याकडून सही केली यशवंतराव चव्हाणांनी. लिस्बनमधली हुकूमशाही त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोसळली म्हणून हे घडले. दोन दिवसांच्या लढाईची पावती मिळायला तेरा वर्षे लागली.

संप जिंकला तरी करारावर सही होईपर्यंत विजय फाटकाबाहेरच उभा असतो. आणि मागे संघटना नसेल तर सही झालेला करारही मालकाच्या कपाटात पडून राहतो. राजकारण आणि कायदा यांचे नाते आम्हांला असे दिसते.

१९९९ साली पाकिस्तानचे विमान आपण पाडले; पाकिस्तान हेगला गेला, तेव्हा या न्यायालयाला आमच्यावर अधिकार नाही असे आपण सांगितले, आणि २००० साली ते मान्य झाले. २०१७ साली पाकिस्तानच्या कैदेतील आपल्या एका नागरिकासाठी आपणच त्या दारी गेलो. २०१९ साली पंधरा विरुद्ध एक मताने निवाडा आपल्या बाजूने लागला. दोन्ही वेळी आपले वकील जिंकले. पण ज्या पंचाकडे आपल्याला उद्या धाव घ्यायची आहे, त्याची पत आज आपणच घटवू नये. बलवानाला पंचाची गरज थोडी. ती लागते दुबळ्याला, आणि आपण कोणत्या दिवशी दुबळ्यांच्या रांगेत उभे असू, हे कोणी सांगावे?