विहीर नासली, खर्च कोणाचा?

दुसऱ्याचे जनावर आपल्या पिकात शिरले तर काय करायचे, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. जनावर हाकायचे आणि कोंडवाड्यात नेऊन घालायचे. धनी धावत येतो, दंड भरतो आणि जनावर सोडवून नेतो. कायदा जुना, १८७१ सालचा. पण त्यातली गोम अशी की, दंड भरल्याशिवाय जनावर हाती लागत नाही. म्हणून वसुली होते. आता समजा, कारखान्याचे पाणी आपल्या विहिरीत शिरले. ते कोणत्या कोंडवाड्यात नेऊन घालणार?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिले. उत्तर चांगले दिले. पण ते हातात पडेपर्यंत आणि पडल्यावरही काय काय झाले, ते ऐकण्यासारखे आहे. म्हणून आज त्या खटल्याची हकीकत सांगतो.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात बिछरी नावाचे खेडे आहे. तेथे १९८७-८८ च्या सुमारास एकाच मालक-गटाचे काही रासायनिक कारखाने उभे राहिले. त्यांपैकी दोहोंत ‘एच ॲसिड’ नावाचा पदार्थ तयार होऊ लागला. कापड रंगवायचे रंग करण्यासाठी तो लागतो. माल परदेशी जायचा, गाळ गावात राहायचा. आणि गाळ किती? एक टन एच ॲसिड करायचे, तर सुमारे बावीस हजार लिटर विषारी सांडपाणी निघते आणि साडेसहा टन गाळ निघतो. तेथे ३७५ टन माल निघाला. शाळेतल्या गुरुजींनी हा गुणाकार उद्या मुलांना जरूर घालावा. पाणी येते साडेब्याऐंशी लाख लिटर, आणि गाळ दोन हजार चारशे टनांच्या वर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर नुसत्या पाण्याचेच सव्वाआठशे टँकर झाले!

हे पाणी शुद्ध करण्याची सोय कारखान्यांत नव्हती. सरकारी परवानग्याही धड घेतलेल्या नव्हत्या. पाणी मोकळ्या जमिनीवर सोडले, गाळाचे ढीग उघड्यावर टाकले. पुढचे काम पावसाने केले. ढिगांतले विष पावसात विरघळले, मातीतून खाली झिरपले, आणि खडकाच्या भेगांतून वाट काढीत विहिरींना जाऊन मिळाले. विहीर खणणाऱ्याला सांगायला नको की, खालची शीर एकाच शेताची नसते. एका टोकाला घातलेले विष दुसऱ्या टोकाच्या विहिरीत उतरते. बिछरी व आसपासच्या गावांतल्या विहिरींचे पाणी काळपट झाले. ते माणसांना चालेना, गुरांना चालेना, पिकालाही देता येईना. साठेक विहिरी नासल्या आणि साडेतीनशे हेक्टर जमीन बाधली गेली.

लोक चिडले. गावात जमावबंदी लावावी लागली, इतका क्षोभ झाला. १९८९ च्या जानेवारीपर्यंत एच ॲसिडचे काम बंद पडले. म्हणजे हे सारे जेमतेम वर्षभरातले काम, बरे का! पण कारखाना बंद पडला म्हणून विहीर काही गोडी होत नाही. ढीग तेथेच होते आणि पाऊस दर वर्षी येत होता.

१९८९ च्या ऑगस्टमध्ये पर्यावरणाच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एका संस्थेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने गाळ सुरक्षित ठिकाणी बंदिस्त करण्याचा हुकूम दिला. त्याप्रमाणे ७२० टन गाळ खड्ड्यांत बंदिस्त झाला. उरलेल्याचे काय? तो आसपास पसरलेला होता आणि बऱ्याच ठिकाणी त्यावर माती ओढलेली होती. तपासणीला येणाऱ्यांच्या डोळ्यांवर पडदा पडेल, पाण्याच्या डोळ्यांवर कसा पडणार? पुढे न्यायालयाने आपल्या नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला पाहणी करायला सांगितले. तिच्या शास्त्रज्ञांनी १९९४ साली अहवाल दिला. किती गाळ, किती पाणी, किती विहिरी, हे मी मघाशी सांगितलेले आकडे त्या पाहणीतलेच.

निवाडा लागला १३ फेब्रुवारी १९९६ रोजी. न्यायमूर्ती जीवन रेड्डी आणि न्यायमूर्ती किरपाल यांनी तो दिला. त्याचे सार साध्या भाषेत असे. जो धंदा मुळातच धोक्याचा आहे, तो करणाऱ्याने ‘मी काळजी घेतली होती, माझा दोष नाही’ असे म्हणून सुटायचे नाही. नुकसान झाले की ते भरून द्यायचे. हे तत्त्व दिल्लीतल्या वायुगळतीच्या खटल्यात १९८६ सालीच ठरले होते. बिछरीच्या निवाड्याने त्यात भर घातली की, भरपाई नुसत्या माणसाची नव्हे, बिघडवलेल्या जमिनीची आणि पाण्याचीही. ती पूर्ववत करण्याचा खर्च ज्याने घाण केली त्याचाच. सरकारने, म्हणजे तुमच्याआमच्या करातून, तो का सोसावा? कारखाने बंद करण्याचा आणि त्यांची मालमत्ता जप्त करण्याचा हुकूमही झाला. ज्या शेतकऱ्यांचे पीक बुडाले, त्यांनी मात्र दिवाणी न्यायालयात वेगळे दावे लावावेत, असे सांगितले. कोणी निर्धन म्हणून विनाशुल्क दावा लावू पाहील, तर राज्य सरकारने आडवे येऊ नये, एवढी सवलत दिली. नासक्या विहिरीच्या धन्याला पुन्हा कोर्टाची पायरी चढायची! मला ही सवलत तोकडी वाटते.

सफाईची रक्कम ठरली ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये. ती भरण्याचा आदेश ४ नोव्हेंबर १९९७ ला निघाला. मग अर्ज सुरू झाले. आज एक मुद्दा, उद्या दुसरा, परवा फेरविचार. चौदा वर्षे गेली. १८ जुलै २०११ रोजी न्यायमूर्ती दलवीर भंडारी आणि न्यायमूर्ती दत्तू यांनी बजावले की, खटला मुद्दाम जिवंत ठेवला आहे. मूळ रक्कम, तिच्यावर १९९७ पासून दरसाल दर शेकडा १२ ने चक्रवाढ व्याज, आणि वर खटल्याचा खर्च दहा लाख रुपये. व्याज चक्रवाढ का? कारण जो पैसा द्यायचा तो न देता धंद्यात फिरवला, तर उशीर हाच नफा होतो. हिशेब केला तर त्या दिवशीच देणे मूळ रकमेच्या चौपटीहून जास्त होते. सावकाराचे चक्रवाढ व्याज आपण पिढ्यान्‌पिढ्या भरले. येथे ते एकदा योग्य बाजूला लागले.

पण तोपर्यंत तेवीस पावसाळे होऊन गेले होते. पैसा येईल तेव्हा येईल, ढीग पहिल्या पावसाच्या आधी उचलला पाहिजे होता. तो कोणी उचलायचा? माझे म्हणणे असे की, तो सरकारने उचलायचा आणि बिल नंतर पाठवायचे. यात नवे काही नाही. अमेरिकेत नायगारा शहरात ‘लव्ह कॅनाल’ नावाच्या जागी एका कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे एकवीस हजार टन रासायनिक कचरा पुरला. वर घरे झाली, शाळा झाली. १९७८ साली ते उघडकीस आल्यावर सरकारने आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवली आणि सफाई हाती घेतली. १९८० साली त्यासाठी खास कायदा झाला : आधी निधीतून साफ करा, मग दोषी हुडकून वसूल करा. त्या कंपनीच्या वारसदारांकडून केंद्र सरकारचे १२ कोटी ९० लाख डॉलर १९९५ मध्ये ठरले. उशीर तेथेही झालाच, पण तो वसुलीला झाला. निधीची कथाही सरळ नाही. त्यासाठी बसवलेला कर १९९५ ला संपला आणि रसायनांवरचा पुन्हा बसवायला २०२१ उजाडले.

आणि आपला कायदा? १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचे नववे कलम काढून पाहा. प्रदूषणाच्या अपघातात सरकारी यंत्रणेने उपाययोजनेवर केलेला खर्च व्याजासह, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करता येतो, असे त्यात लिहिले आहे. महसुलाची थकबाकी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला कोणी सांगायला नको! चार आण्यांच्या बाकीसाठी सातबाऱ्यावर बोजा चढलेला आपण पाहिला आहे. तीच तत्परता कारखान्याच्या दाराशी गेल्यावर का थिजते?

आता कामाचे दोन शब्द. विषाने बाधलेल्या जागांसाठी केंद्र सरकारने २०२५ च्या जुलैमध्ये वेगळे नियम केले. त्यांप्रमाणे संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. जिल्ह्याला ही माहिती गावाकडूनच मिळणार, म्हणून ग्रामपंचायतीने ठराव करून ती लेखी कळवावी आणि पोच घ्यावी. बाटलीत भरून नेलेले पाणी तक्रारीला उपयोगी पडते. पण पुराव्यासाठी नमुना मंडळाच्या माणसानेच कारखानदाराला कळवून घ्यावा लागतो, दोन भाग करून मोहोरबंद करावा लागतो. तेव्हा तसा आग्रह धरावा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यास आहे. भरपाई आणि जागा पूर्ववत करणे, दोन्हींचा अर्ज तेथे करता येतो. मात्र मुदत पाच वर्षांची आहे, आणि ती कारण प्रथम घडल्या दिवसापासून मोजतात. म्हणून शाळेत एक वही घालावी. गावातल्या विहिरींचा रंग, वास आणि चव महिन्यातून एकदा मुलांनी विचारून तीत लिहावी, आणि प्रत्येक नोंदीपुढे तारीख घालावी.