लेकीचा निबंध लेकीच्याच शब्दांत

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय असतो. पोरगी हुशार आहे, पण पुढच्या शिक्षणाला पैसा कुठून आणायचा? महाडीबीटीवरच्या सरकारी शिष्यवृत्त्यांना उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका अशी कागदपत्रं लागतात. पण कितीतरी खाजगी ट्रस्ट आणि काही खाजगी विद्यापीठं आणखी एक गोष्ट मागतात. मुलीनं स्वतःबद्दल लिहिलेला निबंध. तू कोण आहेस, हेच का शिकायचंय, शिकून काय करणार, असे प्रश्न असतात आणि उत्तर ठरलेल्या शब्दांत बसवायचं असतं. आज त्याबद्दल बोलू.

तुम्ही म्हणाल, आम्हाला सही करता येते तेवढंच, आम्ही काय मदत करणार? करणार, आणि मोठी करणार. कशी, ते ऐका.

बहुतेक मुली लिहितात, "माझी परिस्थिती हलाखीची आहे. मला खूप शिकून गावाचं नाव उज्ज्वल करायचं आहे." यात खोटं काहीच नाही. पण शंभर अर्जांत हेच वाक्य असलं, तर वाचणाऱ्याला तुमची लेक वेगळी कशी दिसणार?

आता समजा, एक मुलगी असं लिहिते. "आमच्या दोन म्हशी आहेत. डेअरीवर दूध मी घालते. सकाळच्या दुधाला फॅट कमी लागते, संध्याकाळच्या दुधाला जास्त. तीन महिने मी दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहिले आणि गुरांच्या डॉक्टरांना कारण विचारलं. ते म्हणाले, रात्रीचं अंतर मोठं असतं, दूध जास्त उतरतं, पण पातळ असतं. तेव्हापासून मला दुग्धतंत्रज्ञान शिकायचंय." हिनं गरीब हा शब्दसुद्धा वापरला नाही. तरी घर दिसलं, कष्ट दिसले, डोकं दिसलं आणि हेच का शिकायचंय तेही कळलं.

म्हणून आयुष्याची सगळी कहाणी सांगत बसायची नाही. एकच प्रसंग घ्यायचा. काय घडलं, मी काय केलं, त्यातून काय कळलं आणि पुढच्या शिक्षणाशी त्याचा काय संबंध, एवढं ओळीनं सांगायचं. आकडा, जागा, वेळ नेमकी द्यायची.

हे काही शहरातून आलेलं नवं खूळ नाही. 1855 साली मुक्ता साळवे या मुलीनं 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ती पुण्यात फुले पतिपत्नींच्या शाळेत शिकत होती, वय चौदाच्या आसपास. नुसतं "आम्ही दुःखी आहोत" म्हणून ती थांबली नाही. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, असं तिनं रोखठोक लिहिलं. म्हणून आजही तो निबंध वाचला जातो.

आता तुमचं काम. लेकीला आठवत नाही ते तुम्हाला आठवतं. लहानपणी ती काय उघडून बघायची, बाजारात हिशोब कोण करायचं, आजीच्या आजारपणात दवाखान्याची कागदं कोण सांभाळायचं, ते तिला सांगा. मग गटाच्या मासिक बैठकीत दहा मिनिटं तिला निबंध मोठ्यानं वाचू द्या. ऐकताना तुम्ही कुठे कंटाळलात, काय समजलं नाही, काय खरं वाटलं नाही, ते तिला मोकळेपणी सांगा. त्याला शाळा शिकलेली असावी लागत नाही. अर्ज इंग्रजीत भरायचा असला, तरी आधी मराठीत लिहू द्या. विचार पक्का झाला की मग भाषांतर शिक्षकांकडून तपासून घ्यावं.

एक नाजूक गोष्ट. घरातलं दारूचं, भांडणाचं, मारहाणीचं बाहेर सांगायचं का? ते मुलीनं ठरवायचं. कुणाच्या दबावानं लिहू नये आणि कुणाच्या भीतीनं दडपूही नये. लिहिलंच, तर दोन वाक्यांत सांगून "त्यातून मी काय केलं" इकडे वळावं. वाचणाऱ्याला दया येऊन भागत नाही. ही मुलगी शिक्षण पुरं करील, असा भरवसा त्याला वाटला पाहिजे. आजारपणात किंवा लग्नाच्या बोलणीत एखादं वर्ष वाया गेलं असेल, तर तेही सरळ सांगावं. लपवलेलं गुणपत्रिकेवरच्या तारखांवरून कळतंच.

आणि पैसे देऊन निबंध लिहून घेऊ नका. मोबाइलवरून उतरवूनही देऊ नका. बऱ्याच ठिकाणी पुढे मुलाखत असते आणि तिथे निबंधातलंच विचारतात. दुसऱ्यानं लिहिलेलं असलं की पोरगी पहिल्याच प्रश्नाला अडखळते. तिची हुशारी खरी असूनही ती खोटी ठरते. "शिष्यवृत्ती मिळवून देतो, आधी पैसे भरा" किंवा "ओटीपी सांगा" म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा.

शब्दांची मर्यादा पाळा. निबंध एकदा लिहून दोन दिवस बाजूला ठेवा, मग पुन्हा वाचा. अर्ज शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी भरा, कारण शेवटच्या दिवशी साइट अडकते आणि लाइटही नेमकी तेव्हाच जाते.

मैत्रिणींनो, निबंध चांगला झाला म्हणून शिष्यवृत्ती मिळेलच असं नाही. जागा कमी आणि अर्ज फार. पण स्वतःबद्दल चार ओळी ताठ मानेनं लिहिणं पोरीला जमलं, की ते पुढच्या अर्जाला, नोकरीला आणि ग्रामसभेतही उपयोगी पडतं. तेव्हा येत्या बैठकीत विचारा, आपल्या गटातल्या कुणाची लेक यंदा बारावीला आहे? तिच्या हातात वही द्या आणि तिला बोलतं करा.