तंबूपासून प्रार्थनामंदिरापर्यंत

१९५८ सालीं कोरियांतील सेऊल शहराच्या कडेला चो योंग-गी व चोई जा-शिल यांनीं एका तंबूंत पेंटेकॉस्टल पंथाची उपासना सुरू केली. १९६४ मध्यें चो आजारानें कोसळले. तेव्हां घरोघरच्या लहान प्रार्थनामंडळांची धुरा स्त्रियांनीं उचलली आणि मंडळी झपाट्यानें वाढली. १९७३ सालीं योइदो बेटावर भव्य प्रार्थनामंदिर उभें राहिलें. पुढें ठिकठिकाणीं शाखा निघाल्या. सभासद लाखोंनीं मोजले जाऊं लागले. २०१० मध्यें वीस शाखा स्वतंत्र झाल्या. परंतु मंडळीच्या पैशाच्या नुकसानीबद्दल २०१४ सालीं न्यायालयानें चो यांनाच दोषी ठरविलें. जबाबदारी वांटल्यानें संस्था वाढते. मात्र हिशेबावरही अनेकांची नजर हवी, हेंच यांतून शिकावयाचें.