पट्टी कशाला चिकटते?
(विशेष सर्वसाधारण सभेतील भाषण)

पार्किंगच्या बीमना कार्बन फायबरच्या पट्ट्या लावायच्या म्हटल्यावर अनेकांनी नाकं मुरडली. एवढीशी पातळ पट्टी काय भार पेलणार? स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नजवळच्या ईबाख पुलाला १९९१ साली अशाच पट्ट्या एपॉक्सीने चिकटवल्या. १७५ किलो पोलादाचं काम ६.२ किलोत भागलं. पण पट्टीची ताकद तिच्याखालच्या काँक्रीटइतकीच. पोकळ प्लास्टरवर लावाल तर प्लास्टरसकट खाली येईल. म्हणून प्लास्टर काढणं, गंजलेल्या सळया साफ करून काँक्रीटची डागडुजी, मग घासून धूळ पुसणं, ही कलमं कोटेशनमधून कापू नका. पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा. चिकटलेली पट्टी ओढून पाहायची चाचणीही मागा. आणि हो, नंतर सायकली टांगायला त्या बीममध्ये ड्रिल मारू नका, कृपा करून!