खेळाडूंना शिष्यवृत्ती : एक विचार



महाविद्यालयांनी खेळाडूंना शिष्यवृत्ती द्यावी काय? १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी खाशाबा जाधवांपाशी पैसे नव्हते. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. पण प्रत्येक मल्लाला असे प्राचार्य कोठून लाभणार? क्रीडा कोट्यातून प्रवेश मिळतो. वसतिगृहाचा व खुराकाचा भार वडिलांच्याच माथी राहतो. मुलींचा तर विचारही क्वचितच होतो.

खेळाला पैसा देणे हा विद्येचा अवमान, असे काही ज्येष्ठ म्हणतात. आपल्याच समाजातील कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा व शिका’ योजनेत विद्यार्थ्याचे श्रम हेच शिक्षणाचे मोल मानले. पहाटे आखाड्यात गाळलेला घाम त्याहून वेगळा कसा?

एक अट मात्र आग्रहाने मांडतो. शिष्यवृत्ती पदवी हाती येईपर्यंत चालावी. गुडघा दुखावला म्हणून ती थांबवणे अन्यायाचे होय. पुस्तकांचा आधार त्याला तेव्हाच अधिक लागतो. हजेरीत व परीक्षेत सवलत नको. आपल्या ट्रस्टने येत्या वर्षी एक मुलगा व एक मुलगी निवडून प्रारंभ करावा, अशी माझी विनंती आहे.