बाटलीचा निरोप



मुलाचे उष्टावण होते, जावळ काढले जाते, पहिला वाढदिवसही थाटाने साजरा होतो. दुधाची बाटली केव्हा सोडवावी, याचा विचार मात्र फारशा घरांतून होत नाही. दीड-दोन वर्षांचे मूल बाटली तोंडात धरूनच झोपी जाते आणि ‘दूध तरी पोटात जाते आहे’ या समाधानात घरही निश्चिंत होते. हे समाधान फसवे आहे.

झोपेत लाळ कमी सुटते. दुधातील साखर पुढच्या वरच्या दातांभोवती रेंगाळते, जंतू तिचे आम्ल बनवितात आणि दात किडू लागतात. दुधात वरून साखर घातली असेल तर अधिकच. दुसरी हानी डोळ्यांना दिसत नाही. बाटलीने पोट भरलेले मूल वरणभात, भाजी, नाचणी यांस तोंड लावीत नाही. गाईच्या दुधात लोह अत्यल्प असते. त्यामुळे गुटगुटीत दिसणाऱ्या मुलालाही रक्तक्षय होऊ शकतो. वर्षानंतर दिवसाला सुमारे ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुरेसे असते.

बाटली व तिचे बूच नीट स्वच्छ न झाल्यास जुलाबाचा धोका असतो, तो निराळाच. म्हणूनच आईचे दूध अपुरे पडल्यास बालरोगतज्ज्ञ वाटी-चमच्याचा आग्रह धरतात. दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करण्यास भारतात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती काही उगीच नव्हे. आपल्याकडे पूर्वी घरोघर बोंडले असे. त्याच्या चोचीतून तान्ह्याला दूध पाजीत आणि ते धुणेही सोपे होते.

सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले की लहानशा पेल्यातून दोन-चार घोट पाणी देऊन पाहावे. मूल सरळ बसलेले असावे. पेला खालच्या ओठाला टेकवून किंचित कलता धरावा. दूध तोंडात ओतू नये, मुलाला स्वतः घोट घेऊ द्यावा. बाजारात चोचीचे पेले मिळतात. त्यांतील झडपेचे पेले सांडत नाहीत हे खरे. परंतु त्यांतून दूध ओढूनच प्यावे लागते, म्हणजे सवय बाटलीचीच राहते. झडप नसलेला पेला काही दिवस वापरण्यास हरकत नाही. तथापि मुक्काम साध्या पेल्यावरच व्हावा.

बाटली एकाएकी हिरावून घेऊ नये. प्रथम दुपारची बंद करावी, आठवडाभराने सकाळची आणि सर्वांत शेवटी रात्रीची. रात्रीचे दूध जेवणासोबत पेल्यातून द्यावे, दात स्वच्छ करावेत आणि मग अंगाई. मुलाला त्या वेळी दुधाइतकीच मांडीची ऊब हवी असते. ती कमी पडू नये. मध्यरात्री बाटलीचा हट्ट धरलाच तर तीत केवळ पाणी द्यावे. मूल आजारी असताना हा उद्योग आरंभू नये. वर्ष ते दीड वर्ष या काळात बाटली सुटावी, हे उत्तम. पेल्यातून पिताना मुलाला वारंवार ठसका लागत असेल किंवा वजन वाढत नसेल तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

हे कार्य एकट्या आईचे नव्हे. आईने नाही म्हटले आणि रडणे न पाहवून आजीने बाटली हाती दिली, की मूल रडण्याचा उपयोग शिकते. आजीची माया खरी असते. म्हणूनच पहिला पेला तिच्याच हातून दिला जावा. आजोबा, वडील, पाळणाघरातील ताई या सर्वांचा नियम एकच असावा.

पहिले काही दिवस अंगावर, सतरंजीवर दूध सांडेल. त्यासाठी मुलाला रागावू नये. पुसायला एक फडके हाताशी असले म्हणजे झाले.