बरं चाललंय का?



अनुवादक, भाषाशिक्षक आणि कचेऱ्यांतून रोज मराठी लिहिणारे तुम्ही सगळे सोलापुरात जमलात आणि अध्यक्षपदाचा मान मला दिलात, याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षाने भाषेच्या भवितव्यावर बोलावं अशी रीत आहे. मी मात्र एकाच शब्दावर बोलणार आहे. वेल्फेअर. त्याचं मराठी करताना आपल्या हातून काय होतं, ते या गावात फार जवळून दिसतं.

पूर्व भागात, माझ्या गल्लीत, एक अक्का विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून मऊ केलेली पानं, बाजूला कात्री, दोरा. लेकीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला त्यांनी मला बोलावलं होतं. पानाची कड नखाने आत मुडपता मुडपता, हात न थांबवता, त्यांनी विचारलं, “सर, कल्याण कधी येतंय?”

त्यांना शिष्यवृत्तीचे पैसे म्हणायचे होते. कल्याण ही त्यांच्या लेखी येणारी वस्तू झाली आहे. कधी वेळेवर येते, कधी येतच नाही. चूक अक्कांची नाही. अर्जांवर, पाट्यांवर, पावत्यांवर आपणच तो शब्द तसा लिहीत आलो.

मूळ इंग्रजी शब्द बघा. त्यातला ‘फेअर’ म्हणजे जुन्या इंग्रजीतलं जाणं, वाटचाल करणं. बसचं भाडं म्हणून जो फेअर येतो तो याच कुळातला, आणि निरोपाचा फेअरवेलही. वेल्फेअर म्हणजे माणसाची वाटचाल नीट होणं. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको, कारण आपण भेटल्याबरोबर तेच विचारतो : कसं चाललंय? क्रियापदसुद्धा तेच. पैसे देता येतात, औषध देता येतं, घर देता येतं. बरं चालणं कुणाच्या हातात ठेवता येत नाही; ते ज्याचं त्याच्या जगण्यात असतं किंवा नसतं.

इंग्रजीतही हा शब्द घसरला आहे. १७८७ साली अमेरिकेच्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकेत तो सर्व जनतेच्या भल्यासाठी वापरला गेला. आज त्याच देशात ‘ऑन वेल्फेअर’ म्हटलं की सरकारी मदतीवर जगणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि म्हणणाऱ्याच्या आवाजात बहुधा तुच्छता असते. ती घसरण आपण अनुवादात उचलून आणू नये.

सोलापूरकराला या कामात शेजारपाजारची मोठी मदत आहे. आमच्याकडच्या तेलुगू घरांत वेल्फेअरला ‘संक्षेमम्’ म्हणतात. त्यातला क्षेम आपल्या योगक्षेमातला. जे नाही ते मिळणं म्हणजे योग, जे आहे ते टिकणं म्हणजे क्षेम. ‘कल्याणम्’ म्हटलं तर त्यांना लग्न आठवतं, आणि कानडी पाहुण्याला कल्याण मंटप. उर्दूत फलाह आणि बहबूद हे शब्द आहेत. बहबूद म्हणजे शब्दशः बरं असणं. एकाच गावात इतक्या भाषा शेजारी नांदत असताना आपण मात्र एकाच ‘कल्याण’वर सगळी ओझी लादतो.

ती किती वेगवेगळी आहेत पाहा. १९४८ च्या कारखाने अधिनियमात वेल्फेअरचं स्वतंत्र प्रकरण होतं. त्यात हातपाय धुण्याची जागा, बसायची सोय, प्रथमोपचाराची पेटी, अडीचशेहून जास्त कामगार असले तर उपाहारगृह, पाचशे झाले की कल्याण अधिकारी. इथे सरळ ‘सोयीसुविधा’ म्हणावं. दुसरीकडे, आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीनंतर १९७७ साली कुटुंबनियोजनाचं नाव बदलून कुटुंबकल्याण झालं. तेव्हापासून खेड्यापाड्यांत ‘कुटुंबकल्याणचं ऑपरेशन’ हा शब्दप्रयोग रुळला. भीती झाकायला एका चांगल्या शब्दाचा वापर झाला, असं माझं स्पष्ट मत आहे. शस्त्रक्रियेला शस्त्रक्रियाच म्हणावं. बाईला ते समजलंच पाहिजे.

सगळ्यात जास्त मला खुपतो तो कल्याणाला चिकटलेला ‘लाभार्थी’. १९५३ चा मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियम ज्यांनी वाचला असेल त्यांना आठवेल की त्या निधीत मुळात काय जमा व्हायचं होतं : कामगारांकडून वसूल केलेले दंड आणि त्यांना न दिली गेलेली मजुरी. म्हणजे पैसा त्यांचाच. पुढे जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगाराची वर्गणी कापली जाऊ लागली. विडी कामगारांसाठी १९७६ साली कायदे झाले आणि विड्यांवर उपकर बसला. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो गेला. तोवर दवाखाने आणि शिष्यवृत्त्या चालल्या त्या अक्कांसारख्यांनी वळलेल्या विडीवरच्या पैशांतून. कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची १०,००० घरं उभी राहिली, २००६ साली त्यांना मिळाली. त्यांत केंद्राचा आणि राज्याचा पैसा होता, तसा त्या बायकांचाही होता. त्यांना लाभार्थी म्हणणं भाषेच्या दृष्टीनेही चूक आहे. हक्कदार हा शब्द मराठीत आहे आणि तो सगळ्यांना कळतो.

त्या दिवशी अर्ज पुरा झाल्यावर मी सहज विचारलं, “अक्का, कसं चाललंय?” त्यांनी पहिल्यांदा कात्री खाली ठेवली. पाठ धरते, रात्री खोकला येतो. पानं खराब येतात, मग विड्या कमी भरतात, आणि त्यातही छाट काढतात. लेकीला गणित चांगलं जमतं, पण अभ्यासाला जागा नाही. अर्धा तास त्या बोलत होत्या. अर्जात यातल्या कशालाही रकाना नव्हता.

तेव्हा माझी सूचना अशी. परिभाषाकोशात वेल्फेअरपुढे एकच शब्द ठेवू नये. माणसाची स्थिती सांगायची असेल तिथे क्षेम किंवा कल्याण, कारखान्यात सोयीसुविधा, पैसे असतील तर अर्थसाहाय्य, जिथे कामगाराचाच पैसा आहे तिथे हक्काची रक्कम. आणि प्रत्येकापुढे एक वापरातलं वाक्य. दुपारच्या सत्रात यावर बसू. मी चार कोरे अर्ज बरोबर आणले आहेत, पेन्सिली तुम्ही आणा.